डावीकडचं काज: छातीवर काय लावावं, कसं लावावं आणि कधी काढावं

आमच्या आबांचं साताऱ्यात कोट-सफारी शिवायचं दुकान होतं. कोट पुरा झाला, बटणं लागली, इस्त्री फिरली की सगळ्यात शेवटी ते डाव्या लॅपलवर, म्हणजे गळ्याशी दुमडलेल्या पट्टीवर, एक काज करायला बसायचे. हे काज त्यांनी मशीनवर कधी केलं नाही. रेशमी दोऱ्याला मेण लावायचं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर घ्यायचा आणि टाक्याला टाका चिकटवत जायचं. लहानपणी मला त्याचं कोडं पडायचं, कारण त्या काजासमोर बटणच नसायचं. विचारलं तर आबा म्हणायचे, "तिथं फूल बसतं." मग थोडं थांबून, "पण आपल्याकडं फूल लावतो कोण? एक नेहरू सोडले तर!" आणि गंमत अशी की नेहरूंच्या अचकनीला लॅपल नसायचीच. गुलाब असायचा तो पुढच्या पट्टीच्या काजात.

आता त्याच दुकानात शिवणयंत्र नाही. मी बॅच, ट्रॉफ्या, शाली, सन्मानचिन्हं विकतो. बरोबर शब्द 'बॅज' आहे हे मला ठाऊक आहे, पण काउंटरवर 'बॅच'च चालतो, जुनी माणसं 'बिल्ला' म्हणतात, म्हणून इथंही तसंच लिहितो. गिऱ्हाइकाचे प्रश्न वर्षानुवर्षं तेच असतात. कुठल्या बाजूला लावू? साडीवर कसा लावायचा? झेंड्याची पिन रोज लावली तर चालते का? एक प्रश्न मात्र कुणीच विचारत नाही, तो म्हणजे काढायचा कधी. माझ्या मते अर्धी गोष्ट तिथंच आहे. लग्नाचा बॅच लावून संध्याकाळी रिक्षा स्टँडवर उभा असलेला माणूस तुम्ही पाहिला असेल. सकाळी तो 'स्वागत समिती' होता, संध्याकाळी नुसता विनोद.

आधी जागा ठरवा

बिल्ला डावीकडं. याचं मूळ शिवणकामात आहे. पुरुषांच्या कोटाची डावी बाजू उजवीवर येते, म्हणून काजं डावीकडं आणि बटणं उजवीकडं. पूर्वी हे कोट थंडीवाऱ्यात पार गळ्यापर्यंत लावता यायचे. पुढं वरचा भाग दुमडून लॅपल झाली, गळ्याचं बटण गेलं आणि काज तेवढं मागं राहिलं. मोकळी जागा दिसली की माणूस काहीतरी लावणारच. आधी फूल आलं, मग पिना आल्या. चांगल्या शिवलेल्या कोटाची लॅपल उलटून बघा, काजाच्या खाली दोऱ्याची एक बारीक आडवी कडी असते. फुलाचा देठ अडकवायला ती ठेवतात. बायकांच्या कोटाला काजं उजवीकडं असतात, तरी बिल्ला लावताना त्याही डावी बाजूच धरतात.

काज असेल तर पिन काजावर किंवा बोटभर खाली. काज नसेल तर खांद्याची शिवण आणि वरचा खिसा यांच्या साधारण मध्यावर. पिन गोल असेल तर प्रश्न नाही, पण चौकोनी असेल, विशेषतः झेंडा असेल, तर ती लॅपलच्या तिरक्या कडेला समांतर लावू नका, जमिनीला समांतर लावा. कोट अंगात घालून, आरशासमोर उभं राहून लावा. हँगरवर सरळ दिसलेली पिन अंगावर तिरकीच होते.

नेहरू जाकिटाला लॅपल नसते. तिथं वरच्या दोन बटणांच्या मधली उंची धरा आणि पट्टीपासून चार बोटं डावीकडं जा. बंदगळ्यालाही तेच.

नावाची पट्टी याला अपवाद. ती उजवीकडं लावलेली बरी. हात मिळवताना उजवा हात पुढं येतो, समोरच्याची नजर त्या हातावरून सरळ उजव्या खांद्याकडं चढते आणि नाव आपोआप वाचलं जातं. पोलिसांच्या गणवेशावरही नाव उजवीकडं आणि पदकांच्या फिती डावीकडं दिसतात.

आता टोचा, पण कापडाला विचारून

लोकरीचा कोट पिनेचं भोक सहन करतो. टोक धाग्यांच्या मधून जातं, पिन काढल्यावर जरा वाफेची इस्त्री दाखवली की धागे जागेवर येतात. टेरिकॉट माफ करत नाही. रेशीम तर मुळीच नाही.

पैठणी नेसलेल्या पाहुण्या आल्या की माझ्या पोटात गोळा येतो. स्वयंसेवक उत्साहानं पुढं येतो आणि पदराच्या मोरावरच पिन खुपसतो. तसं करायचं नाही. पदर खांद्यावर जिथं ब्लाउजला आधीच पिनने धरलेला असतो, तिथं हात घाला. तीच पिन काढून त्याच भोकातून, बॅचसकट, परत लावा. पदराला नवीन भोक नाही, बॅच लोंबत नाही आणि ब्लाउजचं कापड भार घेतं. आणखी एक: पाहुण्या बाईंना पुरुषानं बॅच लावायला जाऊ नये. हातात द्यावा, किंवा हे काम एखाद्या ताईकडं सोपवावं. तबकात बॅचशेजारी दोन सुट्या पिना ठेवा, सोय होते.

पातळ कुडत्यावर जड पिन लावली की कापड खाली ओढलं जातं आणि पिन मान टाकते. त्यावर आबांची युक्ती अशी: जुन्या कोटाच्या कॅनव्हासचा किंवा फेल्टचा नाण्याएवढा तुकडा कापडाच्या आतून धरायचा आणि पिन दोन्हींतून काढायची. कुडता ताठ राहतो आणि मागची चाप छातीला टोचत नाही.

मागच्या चापेकडं बघूनच पिन घ्या. एकच टोक असलेली पिन दिवसभरात गोल फिरते. दोन टोकांची घ्या. मॅग्नेटचा बॅच कापडाला सगळ्यात सोयीचा, पण छातीत पेसमेकर असलेल्या माणसाला तो लावू नका. चुंबक पेसमेकरपासून निदान 15 सेंटिमीटर दूर ठेवायला सांगतात, आणि पेसमेकर बहुतेक वेळा डाव्या खांद्याखालीच, म्हणजे नेमका बॅचच्या जागी बसवलेला असतो. ज्येष्ठ नागरिकांच्या कार्यक्रमाची ऑर्डर आली की मी सरळ पिनवालेच बॅच देतो.

तिरंगा

सगळ्यात जास्त खप याचा आणि सगळ्यात जास्त चुकाही यातच.

कायदा आधी थोडक्यात. राष्ट्रीय सन्मानाच्या अवमानाला प्रतिबंध करणारा कायदा 1971 चा. ध्वजसंहिता 26 जानेवारी 2002 पासून लागू झाली. सामान्य माणसाला वर्षभर झेंडा फडकवता यावा यासाठी उद्योगपती नवीन जिंदल यांनी न्यायालयीन लढाई दिली. सन्मान राखून झेंडा फडकवणं हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2004 मध्ये दिला. अंगावरच्या तिरंग्याचा मुद्दा 2005 च्या दुरुस्तीनं सुटला. कंबरेच्या खाली घालायच्या कुठल्याही वस्तूवर, किंवा उशी, रुमाल, अंतर्वस्त्र यांवर तिरंगा नको. छातीवर मानानं लावला तर हरकत नाही. लोकसभेत सदस्यांनी झेंडे आणि चिन्हं मिरवू नयेत असा नियम आहे, त्यातही लॅपलवरच्या तिरंगी पिनेला सूट आहे. तेव्हा "रोज लावली तर चालेल का" याचं उत्तर: चालेल.

विकत घेताना काय बघायचं ते सांगतो. केशरी वर असला पाहिजे, हे सांगायला नको. पण एका टोकाची पिन फिरली की दुपारपर्यंत केशरी खाली जातो आणि भाषण ठोकणाऱ्याला पत्ताही नसतो. म्हणून झेंड्याची पिन दोन टोकांचीच. लांबी-रुंदीचं प्रमाण 3:2. अशोकचक्राचे 24 आरे एवढ्याशा पिनेवर मोजता येत नाहीत, पण चक्र निळं आणि मधोमध आहे का ते बघा; स्वस्तातल्या पिनांवर निळा ठिपका पांढऱ्या पट्ट्यातून निसटलेला असतो. झेंड्यावर काहीही लिहिलेलं नको. पांढऱ्या पट्ट्यात कंपनीचं नाव छापून द्या म्हणणारे दरवर्षी येतात. मी नाही देत. नाव हवं तर वेगळी पट्टी करून झेंड्याच्या खाली लावा.

परदेशातले आपले लोक दोन झेंड्यांची जोडपिन घेतात, भारताचा आणि त्या देशाचा. ध्वजसंहितेप्रमाणे दोन काठ्या एकमेकींवर फुली मारून असतील तर तिरंगा त्याच्या स्वतःच्या उजवीकडं, म्हणजे बघणाऱ्याच्या डावीकडं हवा, आणि त्याची काठी दुसऱ्या काठीच्या पुढं. तुमच्याकडच्या पिनेत उलट असेल तर ती शोकेसमध्ये ठेवा, छातीवर नको. क्लबची आणि झेंड्याची अशा दोन पिना लावायच्या असतील तर झेंडा वर.

आणि काढायचं कधी? धातूची पिन घरी जाऊन डबीत. कागदी झेंड्याचं तसं नाही. तो जमिनीवर टाकायचा नाही, मानानं आणि खासगीत त्याची विल्हेवाट लावायची, असं संहितेतच लिहिलंय. प्लॅस्टिकचे झेंडे वापरू नका असं गृह मंत्रालय दर राष्ट्रीय सणाआधी कळवतं. आमच्या गल्लीतली पोरं 15 ऑगस्टला दुपारी पिशवी घेऊन फिरतात आणि रस्त्यावरचे झेंडे वेचतात. आम्ही दुकानात एक पुठ्ठ्याचं खोकं ठेवलंय, त्यावर 'झेंडे इथं द्या' असं लिहिलंय. संध्याकाळपर्यंत ते भरतं. छातीवर तिरंगा लावून सकाळी सेल्फी काढणाऱ्यांपेक्षा ही पोरं मला जास्त आवडतात.

काळी फीत

"काळ्या फिती लावून काम" ही आपल्याकडं पेपरातली कायमची ओळ. शिक्षक, परिचारिका, एसटीचे कर्मचारी, तलाठी, सगळ्यांनी कधी ना कधी लावलेली. यातला महत्त्वाचा शब्द 'फिती' नसून 'काम' आहे. संप नाही, खुर्ची सोडलेली नाही, समोरच्या माणसाचं काम अडलेलं नाही. पण गप्पही बसलेलो नाही. छातीवर फीत लावून टेबलावर चहा पीत गप्पा मारत बसलं तर ती फीत वाया गेली.

कशी करायची: काळी सॅटिन रिबीन, पाऊण इंच रुंद, अडीच-तीन इंच लांब. कात्रीनं कापलेली दोन्ही टोकं मेणबत्तीच्या आचेवरून झटकन फिरवा, धागे सुटत नाहीत. मधोमध एक पिन, डाव्या छातीवर. दंडावर बांधायची काळी पट्टी वेगळी. ती मूळची शोकाची, मैदानावर खेळाडू बांधतात ती. अर्थात शोक आणि निषेध एकत्रही येतात: 2003 च्या क्रिकेट विश्वचषकात हरारेच्या मैदानावर झिम्बाब्वेचे अँडी फ्लॉवर आणि हेन्री ओलोंगा दंडाला काळी पट्टी बांधून उतरले आणि आपल्या देशातल्या लोकशाहीच्या मृत्यूचा हा शोक आहे असं त्यांनी जाहीर केलं. त्या दोन पट्ट्यांपायी दोघांची झिम्बाब्वेसाठीची कारकीर्द त्या विश्वचषकाबरोबरच संपली.

लावण्याआधी लेखी निवेदन द्या. मागणी काय आणि फिती किती दिवस, दोन्ही त्यात लिहा. मुदत न लिहिलेल्या काळ्या फिती आठवड्याभरात इतक्या सवयीच्या होतात की साहेबांना त्या दिसेनाशा होतात. तीन दिवस सांगितले तर चौथ्या दिवशी सगळ्यांनी एकदम काढायच्या आणि पुढचं पाऊल जाहीर करायचं.

या फितीची ताकद बघायची तर 1 नोव्हेंबरला बेळगावात जा. 1956 साली याच तारखेला राज्यांची पुनर्रचना झाली आणि मराठी भाषकांचा हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्या दिवशी तिथं कर्नाटक राज्योत्सव असतो, लोक लाल-पिवळ्या झेंड्याचे बिल्ले लावून रस्त्यावर येतात. त्याच दिवशी महाराष्ट्र एकीकरण समिती काळा दिन पाळते, काळे कपडे, काळ्या फिती, निषेधाची फेरी. एकच गाव, एकच सकाळ, आणि शेजारी राहणाऱ्या दोन माणसांच्या छातीवर दोन निराळ्या तारखा. 2020 साली महाराष्ट्राच्या मंत्र्यांनीही त्या दिवशी काळ्या फिती लावल्या होत्या. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र बेळगावातच असल्यानं आबांचं तिकडं येणंजाणं असायचं, निवृत्त सुभेदारांचे ब्लेझर ते शिवायचे. 1 नोव्हेंबरला मात्र ते बेळगावात कोऱ्या लॅपलनं फिरायचे. "मी शिंपी आहे," एवढंच म्हणायचे. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही, पण गिऱ्हाइकाच्या गावात कोरी लॅपलही बोलते, हे खरं.

डिसेंबरचे दोन दिवस

6 डिसेंबरला दादरला चैत्यभूमीवर गेलात तर शिवाजी पार्कात पुस्तकांच्या स्टॉलशेजारी बिल्ल्यांचे स्टॉल असतात. बाबासाहेबांची तसबीर, निळं अशोकचक्र, बुद्ध. दहा-वीस रुपयांचा बिल्ला घेऊन माणसं तिथंच शर्टाला लावतात. 'कधी काढायचा' हा माझा नेहमीचा प्रश्न या बिल्ल्याला मात्र लागू होत नाही. माझ्या ओळखीतले एक मास्तर निवृत्तीच्या दिवसापर्यंत रोज तो लावून शाळेत गेले. ओळख पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांनी चिकटवलेली असेल, तर स्वतः निवडलेली ओळख छातीवरून का उतरवावी?

दुसऱ्याच दिवशी, 7 डिसेंबरला, सशस्त्र सेना ध्वज दिन. 1949 पासून पाळला जातो. लाल, गडद निळा आणि फिका निळा असे तीन पट्टे, म्हणजे भूदल, नौदल आणि हवाई दल. शाळेत असताना बाई हे छोटे कागदी झेंडे टाचणीनं लावायच्या आणि घरून पैसे आणायला सांगायच्या. तो पैसा जातो शहीद जवानांची कुटुंबं, माजी सैनिक आणि जखमी जवान यांच्यासाठी. हा झेंडा म्हणजे पावतीच आहे एक प्रकारची. म्हणून एक साधा नियम: पैसे न देता लावू नये. निधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात देता येतो.

रंगीत फिती

लाल फीत एचआयव्ही-एड्ससाठी, 1 डिसेंबर. ती 1991 साली न्यूयॉर्कमधल्या कलावंतांनी सुरू केली. गुलाबी फीत स्तनांच्या कर्करोगाच्या जागृतीसाठी, ऑक्टोबर महिना. ती 1992 पासून जगभर पसरली. रिबीन साधारण सहा इंच घ्या, वर वळसा, खाली दोन्ही टोकं मोकळी, मध्ये पिन. उलटी लावू नका. आणि लावलीत तर कुणी "हे कशाचं हो?" विचारल्यावर दोन वाक्यं सांगता आली पाहिजेत. महाविद्यालयांतले रेड रिबन क्लब याच कामासाठी असतात. उत्तर देता येत नसेल तर लावूच नका.

समारंभाचे बॅच: माझं पोट यावर आहे

सॅटिनच्या रिबिनीचं चुणीदार फूल, मध्ये पुठ्ठ्याची गोल चकती, तिच्याभोवती सोनेरी गोटा, खाली लोंबणाऱ्या दोन पट्ट्या. चकतीवर 'प्रमुख पाहुणे', 'अध्यक्ष', 'स्वागताध्यक्ष', 'संयोजक', 'स्वयंसेवक'. ऑर्डर देताना एवढं करा.

मजकूर स्वतः, शुद्ध लिहून द्या आणि छपाईआधी नमुना वाचा. एका संस्थेच्या पन्नासाव्या वर्षाची ऑर्डर होती, दीडशे नग. चिठ्ठीवर 'सुवर्णमोहत्सव' होतं, मी जसंच्या तसं छापलं. माझ्याही डोळ्यांना ते दिसलं नाही, सांगायला लाज वाटते. कार्यक्रमाच्या आदल्या रात्री त्यांच्या मराठीच्या बाईंनी बॅच हातात घेतला आणि फोन केला. रात्रभर बसून दीडशे चकत्या उचकटून नव्या चिकटवल्या. तेव्हापासून मी दुकानात मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय: महोत्सव, पाहुणे, उद्घाटन.

रंगाला नियम नाही, पण स्वयंसेवकांचा रंग सगळ्यात भडक ठेवा. आलेल्या माणसाला पाण्याची टाकी आणि मुतारी कुठं आहे ते अध्यक्षांना विचारायचं नसतं. चकतीवरची अक्षरं चार पावलांवरून वाचता आली पाहिजेत. संस्थेचं पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक आणि स्थापना वर्ष चकतीवर कोंबू नका. दहा कोरे बॅच जादा घ्या, कारण आयत्या वेळी कुणीतरी माजी आमदार येतातच. आणि सगळ्यांना 'संयोजक' करू नका. मी अशा कार्यक्रमांना बॅच दिलेत जिथं संयोजक ऐंशी आणि श्रोते साठ होते.

लग्नांतून बॅच जवळपास गेले. फेट्यांनी आमचं मार्केट खाल्लं. फेटा घातलेला तो वरपक्षाचा की वधूपक्षाचा एवढंच रंगावरून ओळखायचं. धंद्याचं नुकसान झालं, पण दिसायला फेटाच देखणा, कबूल करतो.

दुसऱ्याची छाती वाचताना

एसटी वाहकाच्या छातीवरचा बिल्ला परवान्याबरोबर मिळतो, त्यावर क्रमांक असतो. तक्रार करायची असो की कौतुक, तो क्रमांक, गाडीचा नंबर, मार्ग आणि वेळ लिहून घ्या. "एक सावळे कंडक्टर होते" असं लिहिलेल्या अर्जाचं पुढं काही होत नाही.

पदकं डाव्या छातीवर म्हणजे ती त्या माणसानं स्वतः मिळवलेली. उजव्या छातीवर असतील तर ती घरातल्या दिवंगत सैनिकाची, आणि तो माणूस त्यांच्या वतीनं उभा आहे. आजोबांची पदकं नातवाला स्मारकाच्या कार्यक्रमात घालायची असतील तर उजवीकडं लावा. आमच्या जिल्ह्यात हे सांगावं लागतं, घराघरात पदकं आहेत.

पद्म पुरस्काराबरोबर पदकाची छोटी प्रतिकृतीही देतात. ती समारंभात, राजशिष्टाचाराच्या कार्यक्रमात लावता येते. पण 'पद्मश्री' हे नावाआधी किंवा नावामागं लावायचं नाही. ही पदवी नाही, असं सर्वोच्च न्यायालयानंच सांगितलेलं आहे. निमंत्रणपत्रिका छापायला आणणाऱ्यांशी माझी यावरून नेहमी जुंपते.

रोटरी क्लबचं चाक ओळखायला सोपं: 24 दाते, 6 आरे आणि मधोमध खाचेचं भोक. ती खाच मुद्दाम मागाहून घातली. खाचेशिवाय चाक आसाला धरत नाही, म्हणजे नुसतं शोभेचं, असं कुणा जाणकारानं दाखवून दिलं होतं.

विलायतेतली पॉपी

माझा भाचा लंडनजवळ नोकरीला आहे. पहिल्या नोव्हेंबरात त्याचा फोन आला, "मामा, ऑफिसात सगळ्यांच्या कोटावर लाल कागदी फूल आहे. मी लावू का? ते इंग्रजांचं ना?"

ती पॉपी. पहिल्या महायुद्धातल्या रणभूमीवर उगवलेल्या लाल फुलांची आठवण. ब्रिटनमध्ये 1921 पासून माजी सैनिकांची संघटना 'पॉपी डे' पाळते. ऑक्टोबरच्या अखेरीपासून 11 नोव्हेंबरपर्यंत लावतात, त्या दिवशी सकाळी 11 वाजता दोन मिनिटं स्तब्ध उभे राहतात. फुलाची किंमत ठरलेली नसते, डब्यात जमेल ते टाकायचं. युद्धच नको म्हणणारे 1933 पासून पांढरी पॉपी लावतात, आणि ती लावली की वाद होतो. न लावली तरीही होतो.

मी त्याला सांगितलं, त्या युद्धात हिंदुस्थानातून 13 लाखांवर माणसं गेली, 74 हजारांवर परत आली नाहीत. मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या. आपल्या सातारा तालुक्यातल्या अपशिंगे मिलिटरी गावात त्या युद्धात गेलेल्यांचं स्मारक आहे, तू लहानपणी बघितलंयस. 2018 मध्ये या सैनिकांच्या आठवणीसाठी खादीची पॉपीही काढली होती. लावायची तर त्या माणसांची म्हणून लाव, नाहीतर नको लावूस, कुणी विचारणार नाही. त्यानं लावली. 12 तारखेला काढली का, हे मी आवर्जून विचारलं. महिनाभर लावून फिरलं तर तिथंही लोक बघतातच.

मतदानाला जाताना

आमच्या लहानपणी निवडणूक म्हणजे पत्र्याचे बिल्ले. जीप आली की मागं धावायचं, ओंजळभर बिल्ले मिळायचे. पक्ष कुठला याचं सोयरसुतक नव्हतं. तीन गाय-वासरांना एक दुर्मीळ चिन्ह असे सौदे व्हायचे. एका शर्टावर पाच पक्ष सुखानं नांदायचे.

मोठेपणी मात्र लक्षात ठेवा: मतदान केंद्राच्या 100 मीटरच्या आत प्रचाराला बंदी आहे. पक्षाचं चिन्ह, उमेदवाराचं नाव किंवा फोटो असलेला बिल्ला, टोपी, उपरणं लावून आत जाऊ नका. दारात पोलीस काढायला लावतात आणि तो खिशात टाकताना पिन बोटात घुसते. घरूनच काढून निघा.

काढून ठेवताना

पिन ओढून काढू नका. लॅपल एका हातानं सपाट धरा, चाप सोडा, टोक आलं त्याच वाटेनं मागं घ्या. मग त्या जागेवर नखानं हलकेच चोळा. पिना एकात एक गुंतवून ठेवल्या की मिनावर, म्हणजे वरच्या रंगीत मुलाम्यावर, ओरखडे येतात, म्हणून फेल्टच्या किंवा जुन्या ब्लँकेटच्या तुकड्यावर ओळीनं टोचा आणि डब्यात ठेवा. पावसाळ्यात डब्यात खडूचा तुकडा टाका, ओल धरत नाही. पितळेचा बिल्ला चिंचेनं किंवा पितांबरीनं घासा, पण मिना असलेल्या पिनेला फक्त ओला फडका लावा.

कोट ड्रायक्लीनला द्यायच्या आधी लॅपलची मागची बाजू चाचपा, तिथं काहीतरी राहिलेलं असतंच. आबांकडं उसवायला, ढिले करायला, मुलाच्या मापाचे करून घ्यायला जे कोट यायचे त्यांच्या लॅपलमागं पिना सापडायच्या. कुणाचं क्लबचं चाक, कुणाची पलटणीची तुतारी, कुणाचा 15 ऑगस्टचा गंजलेला झेंडा. आबा त्या बिस्किटाच्या डब्यात टाकायचे आणि चिठ्ठीवर मालकाचं नाव लिहायचे. बरेच जण येऊन घेऊन गेले. अकरा पिना अजून माझ्याकडं आहेत, नऊ चिठ्ठ्या वाचता येतात.